सूर्याच्या खुनाचे तीन जबाब



आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका खुनापासून होते. मयत: सूर्य. आरोपी: वादळाचा देव. साक्षीदार पुष्कळ आहेत, पण त्यांचे जबाब एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला जबाब डोंगरी टोळ्यांचा. त्यांच्या मते येल्म हा सूर्य विश्वाचा सम्राट होता खरा, पण अरेरावी करणारा होता. तरुण ऑर्लांथ, म्हणजे वादळ, त्याच्या दरबारात गेला. दोघांत स्पर्धा लागल्या. पंच सम्राटाच्या घरचेच, तेव्हा निकाल काय लागणार हे ठरलेलंच होतं. अखेर ऑर्लांथानं एक अगदी नवं हत्यार बाहेर काढलं, मृत्यू. सूर्य कोसळला, जग काळोखात बुडालं, त्या काळोखात भलतेसलते जीव शिरले. ऑर्लांथाला आपली चूक उमगली. मग तो सोबत्यांना घेऊन पाताळात उतरला, मेलेल्या सम्राटापुढे उभा राहिला आणि त्याला परत घेऊन आला. टोळ्यांची पोरं ही कथा ऐकत मोठी होतात. केलेलं निस्तरायला स्वतः जावं लागतं, हे ती त्यातून शिकतात.

दुसरा जबाब नदीकाठच्या जुन्या शहरांचा. त्या मुलखाला दारा हापा म्हणतात. तिथं सम्राट येल्माचा वंशज गादीवर बसतो. तिथल्या पोथीत ऑर्लांथ हा राजद्रोही, घरफोड्या, मारेकरी. त्यानं पाताळात जाऊन पराक्रम केला हे शहरवाल्यांना मान्य नाही. गुन्हेगार शरण आला, सम्राटानं न्याय केला आणि सम्राट स्वतःच्या तेजानं उठला, एवढंच ते सांगतात.

तिसरा जबाब ट्रोलांचा, आणि तो ऐकला की पहिले दोन्ही साक्षीदार गप्प होतात. ट्रोल पाताळात राहत होते. अंधार म्हणजे त्यांचं घर. गार, शांत, आईच्या कुशीसारखं. वर कुणी कुणाला मारलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण मेलेला सूर्य जातो कुठे? पाताळात. तो जळता धोंडा त्यांच्या घरात येऊन पडला. माणसं पोळली, घर गेलं, जीव घेऊन वर पळावं लागलं. वरच्या जगाला ट्रोलांच्या बोलीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘दुखरी जागा’. आपण ज्याला पहाट म्हणतो ती त्यांच्या लेखी पाठलागावर असलेला तोच सूर्य.

एकच देव, एकच घटना. हे ज्या जगात घडतं ते जग आहे ग्लोरान्था. ते कुठल्या पुरातन ताम्रपटात सापडलेलं नाही. ग्रेग स्टॅफर्ड नावाच्या अमेरिकन तरुणानं 1966 साली, विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात शिकत असताना ते लिहायला घेतलं. 1975 मध्ये त्यानं त्यावर पटावरचा एक युद्धखेळ काढला आणि 1978 मध्ये स्टीव्ह पेरिन आणि मंडळींनी त्याच जगासाठी ‘रूनक्वेस्ट’ हा भूमिकाखेळ बेतला.

सभागृहात काही श्रोते असे असतील की ज्यांच्या घरातली मुलं हे खेळ खेळतात आणि आईवडिलांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कुणी मेंढपाळ, कुणी चोर, कुणी पुजारीण. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. यात प्रेक्षक नसतो. कथा ऐकायला बसलेली माणसंच कथेत असतात. आजच्या विषयाच्या दृष्टीनं हीच कळीची बाब आहे. कादंबरीतल्या देवाबद्दल वाचकाला नुसतं कुतूहल असलं तरी भागतं. खेळातल्या पुजारणीला मात्र नैवेद्य दाखवावा लागतो, शपथ घ्यावी लागते आणि शेजारच्या गावच्या पुजाऱ्याला तोंड द्यावं लागतं.

या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो 1974 साली त्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. त्यातही देव होते, पण कसे? 1980 साली ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ हे जाडजूड पुस्तक आलं. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, चिनी, फिन्निश अशी एकेक दैवतमंडळं त्यात प्रकरणवार लावलेली होती. भारतीय दैवतांचंही एक प्रकरण होतं. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली, लक्ष्मी हे सगळे एका रांगेत उभे, आणि प्रत्येकाच्या नावाखाली चिलखताचा आकडा, किती मार सोसेल त्याचा आकडा, स्वभाव सुष्ट की दुष्ट याची नोंद. वेदातला इंद्र आणि पुराणातला विष्णू यांच्यामध्ये हजारभर वर्षं आहेत, हे त्या पानांवर कुठं जाणवत नाही. सगळ्यात मोठी उणीव वेगळीच होती. तिथं देव होते, भक्त नव्हते. कोण पूजतं, कशासाठी, नवस फेडायला काय आणतं, देवळात कुणाला येऊ देत नाहीत, यातलं जवळपास काही नाही. आपल्या देवांना आकडे चिकटवले म्हणून चिडण्यात प्रस्तुत वक्त्याला रस नाही. पत्त्यांच्या जोडातही राजा-राणी असतातच. पण त्या पुस्तकानं एक सवय लावून दिली. कल्पित जग रचायला बसलेला प्रत्येक पोरगा पहिल्या पानावर देवांचा तक्ता आखू लागला: युद्धाचा देव, समुद्राचा देव, प्रेमाची देवी. सरकारी खात्यांसारखी वाटणी, एका खात्याला एक मंत्री.

स्टॅफर्डनं ही वाटणी आधीच मोडली होती. 1979 साली आलेलं ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ हे पुस्तक त्या दृष्टीनं चाळून पाहण्यासारखं आहे. प्रॅक्स हा माळरानाचा रुक्ष मुलूख. त्यातल्या एकेका पंथाची माहिती ठरलेल्या मथळ्यांखाली दिली आहे: कथा काय, समाजात पंथाचं वजन किती, साधा भक्त कोण, दीक्षा कुणाला, पुजारी कोण होऊ शकतो, त्याला काय मिळतं, काय सोडावं लागतं. दीक्षा घेतलेल्यानं वेळेचा आणि कमाईचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा; पुजाऱ्यानं दहातले नऊ हिस्से. म्हणजे गावात किती पुजारी पोसले जाऊ शकतात याचा हिशेब कागदावर मांडता येतो. मधूनमधून एका फिरत्या व्यापाऱ्याची रोजनिशी येते. हा व्यापारी ज्याच्या दारात जातो त्याच्या देवाशी जुळवून घेतो, कारण माल विकायचाय. धर्माचा अभ्यास वाण्याच्या नजरेतून करायचा ही युक्ती फार कमी विद्वानांना सुचली असेल.

त्याच पुस्तकातला येल्मालियो घ्या. हा उजेडाचा देव, पण त्याच्या उजेडात ऊब नाही. सूर्य मेल्यानंतरच्या काळोखात सोन्याच्या टेकडीवर तो लढला, हरला, आणि ट्रोलांच्या झोराक झोरान या खुनशी देवानं त्याचा अग्नी हिसकावून नेला. तरीही तो विझला नाही. आता हे खेळाच्या नियमांत कसं उतरलंय ते बघा. येल्मालियोच्या भक्ताला अग्नीची एकही विद्या येत नाही. सूर्याचं दैवत पूजायचं आणि चूल पेटवायला मंत्र नाही! उलट झोराक झोरानच्या भक्तांकडे, म्हणजे अंधारातल्या लोकांकडे, आगीचे मंत्र आहेत, कारण ती आग चोरलेली आहे. येल्मालियोचे लोक सोन्याच्या टेकडीची कथा टिकून राहण्याची कथा म्हणून सांगतात. ट्रोल तीच कथा लुटीची म्हणून हसत सांगतात. कुणाचं खरं, हे सूत्रधारानं सांगायची गरजच पडत नाही. दोघांच्याही हातात पुरावा आहे: एकाचे हात गार, दुसऱ्याचे गरम.

डोंगरी टोळ्यांमध्ये आणखी एक सूर्यदेव आहे, एल्माल. तो मूळचा अग्निकुळातला, पण ऑर्लांथाच्या घरी इमानी सरदार म्हणून राहिला. ऑर्लांथ पाताळात गेला तेव्हा घरादाराची राखण यानं केली. म्हणजे टोळीतला सूर्यपूजक हा शत्रूच्या देवाचा भक्त नव्हे. तो घरचाच, फक्त राजाच्या उजव्या हाताला बसणारा. पुढं मोनरोग नावाचा एक द्रष्टा निघाला. त्यानं सांगितलं की एल्माल आणि येल्मालियो हे एकच. वरवर पाहता किती निरुपद्रवी वाक्य! पण त्याचा अर्थ असा होता की तुम्ही इतकी वर्षं ज्याला वादळाचा चाकर समजलात तो चाकर नाही, तो स्वतंत्र आहे, आणि तुम्हीही स्वतंत्र आहात. घराघरांत फूट पडली. शेवटी टोळ्यांच्या सार्टर या राज्याच्या राजघराण्यातल्या टार्कालरनं या नव्या पंथाला वेगळा मुलूख देऊन बाजूला बसवलं, तेव्हा कुठं तंटा निवळला. ‘तुमचा देव आणि आमचा देव एकच’ हे वाक्य ऐकलं की आपण गहिवरतो. ग्लोरान्थात ते वाक्य ऐकलं की लोक भाल्याकडे हात नेतात.

गंमत पुढं आहे. ग्लोरान्थाच्या इतिहासात एल्माल जुना, येल्मालियोची दीक्षा नंतरची. छापखान्यात मात्र उलट. येल्मालियो 1979 सालीच पुस्तकात आला होता. एल्मालचं नाव वाचकांना 1992 सालच्या ‘किंग ऑफ सार्टर’मध्ये भेटलं. तेरा वर्षं एका देवाचे भक्त म्हणून खेळलेल्या खेळाडूंना कळलं की आपल्या पात्रांचे पूर्वज भलत्याच नावाला हात जोडत होते. वाद झडले, आणि ते अजून झडताहेत. स्टॅफर्डनं नवं काही लिहून जुनं उलटवलं की चाहते त्याच्या पहिल्या नावाचंच क्रियापद करून वापरत: आपलं जग ‘ग्रेगलं’ गेलं. आणि त्यावर उतारा म्हणून एक वाक्यही रूढ झालं: तुमचं ग्लोरान्था वेगळं असू शकतं.

आता या सगळ्यामागच्या प्रश्नाकडे. दोन देव ‘एकच आहेत’ असं ठरवतं कोण?

रोमन इतिहासकार टॅसिटसनं इ.स. 98 च्या सुमारास जर्मनिक टोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात तो म्हणतो की हे लोक सगळ्यांत जास्त मर्क्युरीला भजतात. त्या जंगलात मर्क्युरी कुठून येणार? तो ज्याच्याबद्दल बोलतोय तो वोडन, नॉर्स लोकांचा ओडिन. टॅसिटसनं स्थानिक नाव विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत, आपल्या यादीतलं जवळचं नाव लावून दिलं. त्या लावलेल्या नावाचा माग आजही दिसतो. बुधवार फ्रेंचमध्ये मर्क्युरीच्या नावानं आहे, इंग्रजीत वोडनच्या. ब्रिटनमध्ये बाथच्या गरम झऱ्यावर सूलिस नावाची स्थानिक देवी होती. रोमनांनी तिला मिनर्व्हाशी जोडून सूलिस मिनर्व्हा केलं आणि देऊळ बांधलं. त्या झऱ्यात शिशाचे सुमारे 130 पत्रे सापडले आहेत. त्यांवर बुद्धी आणि विद्येबद्दल जवळपास काही नाही. कुणीतरी माझा झगा चोरला, कुणीतरी नाणी चोरली, देवी, त्याचं वाटोळं कर, अशा तक्रारी आहेत. जोडनाव राज्यकर्त्यांनी दिलं असेल. देवीला काय काम सांगायचं ते झऱ्यावर आंघोळीला येणाऱ्यांनी ठरवलं.

मराठी श्रोत्याला हे फार समजावून सांगावं लागू नये. जेजुरीचा खंडोबा, कर्नाटकातला मैलार आणि तेलंगणातला मल्लण्णा हे एकच, असं आपण सहज म्हणतो. पण धनगराला विचारा, तो आधी बाणाईचं नाव घेईल. वाण्याच्या घरी म्हाळसा आधी. गड चढताना बाणाईचं देऊळ वाटेत लागतं, म्हाळसा वर देवाशेजारी असते. देव एक मानला तरी पायऱ्या कुणी मोजायच्या हा प्रश्न उरतोच.

स्टॅफर्डनं या प्रश्नाला आपल्या जगात चेहरा दिला. त्याचं नाव मराठीत देवज्ञ असं करता येईल. मूळ इंग्रजीत ‘गॉड लर्नर्स’. हे पश्चिमेकडच्या बेटांवरचे हुशार जादूगार. त्यांनी जगभर हिंडून सगळ्यांच्या कथा गोळा केल्या, तुलना केली आणि सगळ्या कथांच्या मुळाशी असलेली एकच कथा शोधून काढली. तिला त्यांनी ‘मोनोमिथ’ म्हटलं. हा शब्द जोसेफ कॅम्बेलचा. त्याच्या 1949 सालच्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’मध्ये तो आहे, आणि कॅम्बेलनंही तो जेम्स जॉइसकडून उचलला होता. स्टॅफर्डनं कॅम्बेल वाचला होता, त्याच्यावर लोभही होता. पण त्यानं तोच शब्द आपल्या जगातल्या सगळ्यांत खतरनाक लोकांच्या तोंडी घातला. गुरूवर इतका प्रेमळ वार क्वचितच कुणी केला असेल.

देवज्ञांचा एक प्रयोग मुळातून सांगण्यासारखा. त्यांच्या तक्त्यात दोन वेगळ्या मुलखांच्या दोन भूदेवी एकाच घरात बसत होत्या. दोघींचं काम तेच: धान्य पिकवणं. मग त्या एकच असल्या पाहिजेत. हे सिद्ध करायला त्यांनी दोघींची अदलाबदल केली. इकडची देवी तिकडे, तिकडची इकडे. आरंभी काही बिघडलं नाही. देवज्ञांनी एकमेकांची पाठ थोपटली असेल. मग पीक खालावू लागलं, आणि खालावतच गेलं. माती ओळखत नव्हती. शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं जिला हाक मारली ती देवी तिथं नव्हती, आणि जी होती तिला त्या शेताचं नाव ठाऊक नव्हतं. पुढे देवज्ञांचं साम्राज्य बुडालं, त्यांची बेटं समुद्रात गेली, आणि त्या जगात देवज्ञ ही आजतागायत शिवी आहे.

हा प्रसंग कुठल्याही विद्यापीठात तौलनिक धर्माभ्यासाच्या पहिल्या तासाला सांगावा असं प्रस्तुत वक्त्याचं मत आहे. विद्यार्थी हसतील. पण परीक्षेत तक्ता काढताना पेन थोडं अडखळेल.

ग्लोरान्था मोजक्या शौकिनांचं. ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणक खेळांचं टॅमरिएल मात्र घराघरांत पोचलं. 1994 पासून निघालेली ही मालिका. 2002 चा ‘मॉरोविंड’ आणि 2011 चा ‘स्कायरिम’ हे तिचे गाजलेले भाग. त्या खेळांत हिंडता हिंडता पात्राला शेल्फावर, मेलेल्या माणसाच्या उशाशी, सराईच्या टेबलावर पुस्तकं सापडतात, आणि ती उघडून खरोखर वाचता येतात. धर्माविषयीचा बराच मजकूर त्यांत आहे, आणि प्रत्येक पुस्तकाचा लेखक कुठल्यातरी बाजूचा आहे.

तिथला वादग्रस्त देव लॉरखान. एल्फ म्हणतात, त्यानं आमच्या पूर्वजांना फसवलं. हे मर्त्य जग घडवायला लावलं. आम्ही अमर होतो, त्याच्यामुळे मरायला लागलो. उत्तरेकडच्या नॉर्ड लोकांसाठी तोच शॉर: माणसांचा राजा, शूर, रणात पडलेला. रेडगार्ड नावाचे लोक त्याला सेप नावाचा साप समजतात. ही पाठभेदांची यादी म्हणून पाहिली तर मौज वाटते आणि विसरली जाते. पण अलेसियाची कथा वाचली की यादीत रक्त वाहू लागतं.

अलेसिया ही गुलाम स्त्री. एल्फांच्या राज्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत होती. तिनं बंड केलं, नॉर्डांची मदत घेतली, जिंकली आणि राणी झाली. आता नव्या राज्याचे देव कोणते? तिची माणसं इतकी वर्षं एल्फांच्याच देवांपुढे वाकत आली होती. त्यांना तेच देव आपले वाटत. नॉर्ड मित्र मात्र एल्फांचा एकही देव सहन करायला तयार नव्हते. गादी टिकवायची तर दोघंही हवेत. मग राणीनं आठ देवांचं एक नवं मंडळ घडवलं. एल्फांचा ऑरि-एल आणि नॉर्डांचा ड्रॅगन यांच्या मिलाफातून अकाटोश मुख्य देव झाला. आणि शॉर? तो एल्फांचा उघड वैरी. त्याला तसाच ठेवला तर अर्धी प्रजा बिथरेल. त्याला शेझार नाव देऊन, धार बोथट करून, माणसाच्या कर्तृत्वामागची प्रेरणा वगैरे करून आदरानं बाजूच्या कोनाड्यात बसवलं. हे सगळं ‘शेझार अँड द डिव्हाइन्स’ नावाच्या, खेळातल्याच एका पुस्तकात आहे. देवमंडळ म्हणजे युतीचा करारनामा. टॉलेमी पहिल्यानं इजिप्तमध्ये ग्रीक आणि मिसरी प्रजेसाठी सेरापिस हा देव पुढे आणला, त्याची आठवण येथे अनेकांना होईल.

करारनाम्यातली कलमं बदलायला निघालेले लोकही टॅमरिएलमध्ये आहेत. मारुखाती नावाच्या कडव्या पंथाला अकाटोशमधला एल्फांचा अंश खुपू लागला. त्यांनी विधी करून तो उपसून काढायचं ठरवलं. अकाटोश हा काळाचा देव. त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्यावर काळच मोडला: 1008 वर्षं असा गोंधळ की कोण आधी जन्मलं आणि कोण नंतर याचा हिशेब लागेना. शुद्धीकरणाच्या मोहिमांचं इतकं चपखल रूपक एका मनोरंजनाच्या खेळात सापडावं, याचं आश्चर्य वाटतं.

‘स्कायरिम’मध्ये हीच गोष्ट रस्त्यावर दिसते. टेलॉस हा नववा देव. तो आधी माणूस होता: साम्राज्य उभारणारा सम्राट टायबर सेप्टिम. एल्फांच्या थाल्मोर राजवटीला हे सहन होत नाही. माणूस देव होतो हीच कल्पना त्यांना शिवीसारखी. त्यांच्याशी झालेल्या महायुद्धात दमलेल्या साम्राज्यानं तह केला आणि तहात कलम मान्य केलं: टेलॉसची पूजा बंद. त्यानंतर नॉर्डांचं बंड पेटतं. खेळाडू व्हाइटरन शहरात शिरतो तेव्हा वरच्या चौकात टेलॉसचा मोठा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी हाईम्स्कर नावाचा पुजारी दिवसभर घसा ताणून प्रवचन देतो. येणारेजाणारे कंटाळलेले असतात. खेळाडूंनाही तो नकोसा होतो. ‘हाईम्स्कर’ हा जुन्या नॉर्स भाषेतला शब्द आहे, अर्थ मूर्ख. पण बंदी असताना भर चौकात देवाचं नाव घेणारा त्या शहरात तो एकटाच. मूर्ख कुणी म्हटलं, आणि कुठून बघून, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्याच खेळात अल्डुइन आहे, जग गिळणारा ड्रॅगन. हा अकाटोशच का? एका पुस्तकात अकाटोशचा प्रधान पुजारी विद्वत्तेनं, मुद्दे पाडून त्या दोघांची चर्चा करतो. दुसरं पुस्तक एका नॉर्ड गड्याचं, शुद्धलेखनाची ऐशीतैशी करून लिहिलेलं: अल्डुइन खरा आहे आणि तो अकाटोश नाही, बस्स. विद्वानाला प्रश्न ओळख पटवण्याचा. गड्याला प्रश्न जगण्यामरण्याचा. खेळाडू शेवटी अल्डुइनशी झुंजतो, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याला कुणी देत नाही.

हे सगळंच गोड आहे असं नाही. या खेळांत पाठभेद पुष्कळदा सजावट म्हणून येतात. पंधरा नावं, एक देव, आणि खेळताना कुणालाच फरक पडत नाही. काही ठिकाणी याच्या उलट वाट धरली आहे. कीथ बेकरच्या ‘एबेरॉन’मध्ये (2004) देव आहेत की नाहीत हेच सिद्ध होत नाही, ते कधी समोर येत नाहीत, आणि भ्रष्ट पुजाऱ्याचेही मंत्र चालतात. श्रद्धेला तिथं पुरावा मिळत नाही, म्हणून श्रद्धा श्रद्धेसारखी वाटते. ग्लोरान्थाची अडचण बरोबर उलटी: तिथं प्रत्येकाला पुरावा मिळतो. भक्त विधी करून थेट देवकाळात शिरतो, कथा पुन्हा जगतो आणि बक्षीस घेऊन परततो. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या 1999 च्या संगणक खेळात हे चांगलं उतरलंय. टोळीतला कुणी प्रमुख एल्मालच्या राखणदारीची कथा विधीतून पुन्हा जगायला जातो. पुढे काय झालं होतं, देवानं काय केलं होतं, हे खेळाडूला पाठ असावं लागतं. चुकीचा पर्याय निवडला तर प्रमुख जखमी होऊन येतो, कधी येतच नाही. लहानपणी आजीजवळ कहाणी नीट ऐकली होती की नाही, याची ती परीक्षा असते.

ग्रेग स्टॅफर्ड 10 ऑक्टोबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातल्या आर्काटा इथं घरीच वारला. त्याच्या जगावर आजही पुस्तकं निघताहेत आणि सूर्याच्या खुनाच्या जबाबांत भर पडतेच आहे.

मराठीत असे खेळ रचणारे तरुण पुढे येतील. त्यांच्यापैकी कुणी या सभागृहात असेल तर त्याला एवढीच विनंती: पहिल्या पानावर देवांचा तक्ता आखू नका. एका देवळाची हिशेबवही लिहायला घ्या. नारळ कुणाकडून आले, दक्षिणा कुणी नेली, कोण उंबऱ्याबाहेर उभं राहिलं. मग तीच वही त्या बाहेर उभ्या राहिलेल्याकडून एकदा लिहून घ्या.